बदललेला गुडघा आणि उरलेले दुखणे

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्याविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नाही. शाळा आमची सातवीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयाने केले. परंतु या विषयाशी आमचा संबंध दुहेरी आहे. गेल्या तीस वर्षांत निवृत्त कामगारांबरोबर आणि त्यांच्या घरच्या बायामाणसांबरोबर आम्ही इस्पितळांच्या बाकांवर पुष्कळ बसलो आहोत, हा एक संबंध. दुसरा असा की, आमचा स्वतःचा उजवा गुडघा बदलला त्याला आता चौथे वर्ष चालू आहे, आणि तो अजून रात्री अधूनमधून आपली हजेरी लावतो.

प्रारंभीच एक खुलासा करतो. ही शस्त्रक्रिया करू नका, असे सांगण्यासाठी आम्ही उभे नाही. ज्यांना चार पायऱ्या चढवत नव्हत्या अशा असंख्य माणसांना तिने पुन्हा चालते केले आहे. आमचाही जिना तिनेच परत दिला. आमचा विषय निराळा आहे. टाके नीट भरले, एक्स-रे चांगला आला, सगळे म्हणतात की शस्त्रक्रिया यशस्वी झाली, आणि तरीही ज्यांचा गुडघा दुखतच राहतो, अशा माणसांचा हा विषय आहे. त्यांनी या दुखण्याचा अर्थ काय लावावा, काय करावे, आणि घरच्यांनी त्यांच्याशी कसे वागावे, एवढेच आज पाहू.

सांधा बदलण्याची विद्या फार जुनी नाही. इंग्लंडात जॉन चार्नले यांनी १९६२ च्या सुमारास खुब्याचा कृत्रिम सांधा भरवशाचा करून दाखविला. आज बसवितात त्या धर्तीचा गुडघा न्यूयॉर्क येथे १९७४ साली प्रथम बसविला गेला. तो घडविणाऱ्या मंडळींत चित्तरंजन राणावत हे भारतात जन्मलेले शल्यविशारद होते. याच राणावतांनी ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला, आणि पुढच्या वर्षी उजवा. त्या दिवसांत वर्तमानपत्रे रोज त्या गुडघ्याची खबर देत असत. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी ती कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. त्यामुळे पंतप्रधानांचा म्हणून ऐकलेला उपचार आमच्या चाळींतल्या माणसांच्या आवाक्याजवळ आला. इस्पितळाचे बाकीचे बिल मात्र असतेच, आणि ते पुष्कळदा कर्ज काढूनच भरावे लागते. या कर्जाकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

‘गुडघा बदलला’ हा शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. शल्यविशारद सगळा गुडघा काढून दुसरा बसवीत नाही. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नळीच्या हाडाचे वरचे टोक, यांचे झिजलेले पृष्ठभाग तो तासून काढतो, त्यांवर धातूची टोपणे बसवितो आणि मध्ये टणक प्लास्टिकची चकती घालतो. पुष्कळदा गुडघ्याच्या वाटीच्या मागेही प्लास्टिकचा तुकडा लावतात. धातूला आणि प्लास्टिकला वेदना नसते हे खरे. परंतु भोवतालची कातडी, स्नायू, बरेचसे अस्थिबंध, हाडे आणि त्यांतून जाणारे मज्जातंतू हे सारे जुनेच असतात, आणि शस्त्राचा घाव त्यांनीच सोसलेला असतो. गिरणीतल्या यंत्राचे बेअरिंग बदलले की यंत्र त्याच पाळीत चालू होते, कारण यंत्राला मागची आठवण नसते. शरीराला ती असते.

म्हणून पहिली गोष्ट धीराची. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे दुखणार, हे सर्वांनाच सांगितलेले असते. पण सूज आणि ऊब कित्येक महिने रेंगाळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडीचा एक तुकडा बधिर राहतो. छेद घेताना तिथला बारीक मज्जातंतू तुटतो, म्हणून तसे होते. चालताना आत टकटक वाजते. तो धातूचा आणि प्लास्टिकचा आवाज असतो. बहुतेक बदललेले गुडघे ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतात, आणि उकिडवे बसायला त्याहून पुष्कळ अधिक वाकावे लागते. तेव्हा जमिनीवरची पंगत आणि जुन्या पद्धतीचा संडास सुटला, म्हणजे शस्त्रक्रिया फसली असे नव्हे. सुधारणा सावकाश का होईना, पण वर्षभर होत राहते. दीड महिन्यानंतर शेजारच्या काकू मंदिरापर्यंत चालत गेल्या आणि आपण जाऊ शकलो नाही, म्हणून हताश होण्याचे कारण नाही.

परंतु धीरालाही मुदत असावी. वैद्यकशास्त्राने ही मुदत साधारण तीन महिने धरली आहे. त्यानंतरही दुखणे टिकून असेल, तर ते केवळ ‘भरून येण्याचे’ दुखणे न समजता त्याची स्वतंत्र दखल घ्यावी, असे तज्ज्ञ सांगतात. अशी माणसे किती असतात? ब्रिटनमधील ब्रिस्टलच्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. गुडघा बदललेल्यांपैकी शेकडा १० ते ३४, आणि खुबा बदललेल्यांपैकी शेकडा ७ ते २३ लोकांना दीर्घकाळ त्रासदायक दुखणे उरते, असे त्यांना आढळले. गुडघ्याचा मधला आकडा धरला तर पाचांत एक. श्रोतेहो, हे प्रमाण लहान नाही. कारखान्यात पाच कामगारांपैकी एकाची तक्रार असेल, तर व्यवस्थापक तिला एकट्यादुकट्याचे रडगाणे म्हणून उडवून लावू शकत नाही. मग इस्पितळात आणि घरात ती तशी का उडविली जाते, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

हे दुखणे येते कुठून? कारणे तीन जातींची आहेत. पहिली जात सांध्यातच असते: जंतुसंसर्ग, बसविलेला भाग सैल होणे, सांधा आखडणे किंवा डगमगणे, वाटी नीट न सरकणे. दुसरी जात दुसऱ्या ठिकाणची असते. खुबा झिजला असेल किंवा कमरेच्या मणक्यात मज्जातंतू दाबला जात असेल, तरी कळ गुडघ्यातच येते. अशा वेळी कितीही चांगला गुडघा बसविला तरी ती जात नाही. तिसरी जात समजायला अवघड आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक बोलतो.

वेदना म्हणजे दुखऱ्या जागेतून मेंदूपर्यंत सरळ गेलेली तार, अशी आपली कल्पना असते. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी निराळे प्रतिपादन केले. मज्जारज्जूत जणू एक दरवाजा आहे, आणि खालून आलेले वेदनेचे सर्वच संदेश त्यातून वर जात नाहीत. काही सोडले जातात, काही अडविले जातात, आणि मेंदूही वरून त्या दरवाजावर आपला हुकूम चालवितो. त्यांच्या सिद्धांताचा तपशील पुढे बदलला, पण मुख्य कल्पना टिकली. गिरणीच्या दरवाजावर सभा घेत आलेल्या आमच्यासारख्याला ती चटकन समजते: आत किती माणसे जातात, हे रस्त्यावरच्या गर्दीइतकेच दरवानावरही अवलंबून असते. पुढे १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखविले की, वेदनेचे संदेश सतत येत राहिले तर मज्जारज्जूच अधिक संवेदनशील होतो. मग साधा स्पर्शही दुखू लागतो. आग विझल्यावरही गिरणीचा भोंगा वाजत राहावा, तशी ही अवस्था असते. ज्याने दहा वर्षे झिजलेल्या गुडघ्यावर उभे राहून पाळ्या केल्या, त्याचा भोंगा शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच हळवा झालेला असतो.

यातून एक गोष्ट निश्चित होते. एक्स-रेमध्ये हाड आणि धातू दिसतात. वेदना दिसत नाही. ‘फोटो चांगला आहे, म्हणजे तुम्हाला दुखत नसणार’ हा तर्क शास्त्राला धरून नाही. तसेच झोप न लागणे, चिंता, औदासीन्य यांनी दुखणे वाढते हे खरे असले, तरी त्यावरून ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणे चूक आहे. भोंग्याचा आवाज खराच असतो. प्रश्न एवढाच की तो थांबवायचा कसा.

आता उपायांकडे वळू. आमच्या धंद्यात पहिला नियम असा की, तक्रार मोघम असेल तर ती हरते. ‘साहेब, लई त्रास आहे’ एवढ्यावर कोणताही तंटा जिंकला गेलेला नाही. कोणत्या खात्यात, कोणत्या पाळीत, कोणत्या तारखेपासून, हे लिहावे लागते. दुखण्याचेही तसेच आहे. एक शाळकरी वही घ्यावी आणि तीन आठवडे रोज चार गोष्टी लिहाव्या: दुखणे शून्य ते दहांत किती, कोणत्या वेळी, काय करताना, आणि रात्री झोप किती लागली. घेतलेले औषधही लिहावे. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहवून घ्यावे. डॉक्टरपुढे पाच मिनिटे मिळतात; त्यांत ही वही जे सांगते ते घाबरलेल्या माणसाला सांगता येत नाही.

दुसरे असे की, दुखण्याचे नाव नेमके सांगावे. आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे, तिचा उपयोग करावा. आग होते, मुंग्या येतात, झिणझिण्या येतात, विजेसारखी सणक जाते असे असेल, तर मज्जातंतूंचा विचार करावा लागतो, आणि त्यांची औषधे नेहमीच्या वेदनाशामकांहून वेगळी असतात. बसून उठल्यावर पहिल्याच पावलांना कळ येते आणि चालल्यावर कमी होते, असे असेल तर बसविलेला भाग सैल झाला आहे काय हे पाहतात. जिना उतरताना वाटीच्या पुढे दुखणे, गुडघा निसटल्यासारखा वाटणे, सकाळी आखडणे, स्वस्थ पडल्यावरही ठसठसणे, या प्रत्येकाचा अर्थ वेगळा होऊ शकतो. निदान डॉक्टरने करावे. पण शब्द आपण पुरवावे. नुसते ‘दुखते’ म्हटल्याने त्याचाही मार्ग खुंटतो.

काही खुणा मात्र वहीत लिहून थांबण्याच्या नाहीत. ताप आणि थंडी, व्रणातून पू किंवा पाणी येणे, गुडघा एकाएकी लाल व गरम होऊन फुगणे, पोटरी सुजून दुखणे, पायावर भार टाकताच न येणे, किंवा चांगल्या गेलेल्या काळानंतर अचानक नवे दुखणे सुरू होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. छातीत दुखून दम लागला तर क्षणाचाही विलंब करू नये. अशा वेळी पोटरीला तेल चोळीत बसणे धोक्याचे आहे.

तिसरा उपाय कामाच्या गतीचा. दुखऱ्या गुडघ्याची माणसे दोन टोकांची असतात. काही जण भीतीने हालचालच सोडतात; मग मांडीचे स्नायू रोडावतात, सांध्यावर भार अधिक पडतो आणि दुखणे वाढते. दुसरी, आणि यांत गृहिणी अधिक, एखादा दिवस बरा गेला की सणाचा सगळा स्वयंपाक उभ्याने उरकतात आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरतात. दोहोंवर उपाय एकच. विश्रांती दुखण्याच्या हुकमाने घेऊ नये, घड्याळाच्या हुकमाने घ्यावी. अर्धा तास उभे राहिल्यावर दुखू लागत असेल, तर वीस मिनिटांनीच बसावे, बरे वाटत असले तरी बसावे, आणि थोड्या वेळाने पुन्हा उठावे. आठवड्या-आठवड्याने ही वेळ दोन-दोन मिनिटांनी वाढवावी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. माणूस कोसळल्यावर नव्हे, तर कोसळण्याआधी विश्रांती, हे तत्त्व कामगारांनी तेव्हाच ओळखले होते. घरातल्या बाईलाही ते लागू आहे, एवढे आपण मान्य केले म्हणजे झाले.

व्यायाम सोडू नये. विशेषतः मांडीच्या पुढच्या स्नायूंचा, आणि तो व्यायामोपचार-तज्ज्ञाकडून एकदा नीट शिकून घ्यावा. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सूज आल्यास पाय उंच ठेवून, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. बधिर जागेवर उघडा बर्फ ठेवू नये, कातडी भाजली तरी कळत नाही. आणि औषधाच्या दुकानातून मनाने गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी जठराला व्रण होतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या वयस्क माणसाला हा धोका अधिक.

पुन्हा शस्त्रक्रिया करावी काय, हा प्रश्न येतोच. संसर्ग, सैलपणा असे नेमके कारण सापडले असेल तर ती करावी लागते. परंतु कारण न सापडता, केवळ दुखते म्हणून गुडघा पुन्हा उघडला, तर फळ बहुधा निराशेचेच येते. म्हणून ‘आणखी एकदा करून पाहू’ असे कोणी म्हटले, तर नम्रपणे पण ठामपणे विचारावे: काय बिघडले आहे? ते कशावरून कळले? खुबा आणि कंबर तपासली काय? आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतले तर चालेल काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

आता त्या कर्जाकडे येतो. आमच्या परिचयातील एका निवृत्त कामगाराच्या पत्नीचे दोन्ही गुडघे बदलले. मुलाने सोसायटीचे कर्ज काढले होते. तपासणीला गेल्या की डॉक्टर विचारीत, ‘कसं काय, मावशी?’ मुलगा शेजारी उभा असे. मावशी म्हणत, ‘छान आहे.’ आठ महिने त्या छानच होत्या. मग एके दिवशी आमच्या घरी आल्या असता आमच्या पत्नीजवळ त्यांनी सांगितले की, रात्री उशी तोंडावर धरून त्या रडतात. मुलाला का नाही सांगितले, असे विचारता त्या म्हणाल्या, ‘अजून हप्ते चालू आहेत. त्याला काय वाटेल?’ पुढे तपासणी झाली तेव्हा दुखण्यातला मोठा भाग कमरेतून येत असल्याचे निघाले, आणि योग्य उपचाराने त्यांना पुष्कळ आराम पडला. सगळे दुखणे गेले नाही. पण आठ महिन्यांचे रडणे टळण्याजोगे होते.

उपकाराच्या भाराखाली माणूस गप्प बसतो, हे आम्ही कारखान्यांतही पाहिले आहे. आणि जे दिसत नाही ते मोजलेही जात नाही, हा अनुभव तर कामगाराला नवा नाही. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ३० ने घटली असे त्यात धरलेले, तर्जनी पुरी गेली तर शेकडा १४. तुटलेल्या बोटाला त्यात ओळ होती. नुसत्या वेदनेला नव्हती. त्या परिशिष्टाच्या आधारे आम्ही कित्येकांचे पैसे मिळवून दिले. परंतु ज्याची बोटे शाबूत आणि हात मात्र रात्रभर ठणकतो, अशा माणसासाठी भांडताना आमची वाचा बसत असे. कारण दाखवायला काही नसे. अशा वेळी उपयोगी पडे ती तारीखवार नोंद आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारे चार सोबती.

विचारपूस हाही उपचार आहे, ही केवळ भावनेची गोष्ट राहिलेली नाही. इंग्लंड आणि वेल्समधील आठ इस्पितळांत, गुडघा बदलल्यानंतर तीन महिन्यांनीही दुखत असलेल्या ३६३ लोकांवर एक प्रयोग झाला. त्याचे फळ २०२२ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या देखभालीबरोबरच काहींना एकदा सविस्तर तपासण्यात आले, कारणाप्रमाणे योग्य त्या तज्ज्ञाकडे पाठविण्यात आले, आणि वर्षभरात सहा वेळांपर्यंत दूरध्वनी करून त्यांची चौकशी करण्यात आली. वर्षाअखेर त्यांचे दुखणे इतरांपेक्षा कमी भरले. फरक फार मोठा नव्हता. पण तो होता, आणि तो नव्या धातूने किंवा नव्या यंत्राने आणलेला नव्हता.

आमच्या गावांतील इस्पितळांनी तीन महिन्यांनंतरची अशी एक तपासणी नेमाने ठेवावी, ही मागणी आपण नागरिकांनी करायला हरकत नाही. ती फार खर्चाची नाही. परंतु तोपर्यंत घरातले काम घरातच करता येईल. ज्यांच्या घरी बदललेला गुडघा आहे, त्यांनी ‘आता बरं आहे ना?’ असे विचारू नये. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. ‘आज कुठे दुखलं? काल रात्री झोप लागली का?’ असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत तिथून उठू नये. कर्ज कोणी काढले याचा उच्चार त्या वेळी करू नये. आणि ज्यांचा गुडघा दुखतो त्यांना आमचे सांगणे एवढेच: तुमचे दुखणे हा तुमचा दोष नाही आणि कुणाच्या उपकाराचा अपमानही नाही. ते मोठ्याने सांगा, तारखेसह सांगा, आणि ऐकणारा भेटेपर्यंत सांगत राहा.